डोक्याची पानगळ

माझ्या चुलतभावाच्या डोक्यावर आज जे केस आहेत, ते माझ्या सल्ल्यामुळं टिकलेत. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक आधी माझ्या डोक्याकडं बघतील.

आम्ही दोघं शेळगावचे, दोन महिन्यांनी लहानमोठे. एकाच आजोबांचं टक्कल दोघांच्या वाट्याला आलं, तेही बरोबरीनं. आधी कपाळाचे कोपरे गेले, मग टाळू. दोघांच्याही डाळिंबाच्या बागा, दोघांनीही तिशी गाठलेली, आणि लग्न दोघांचंही ठरत नव्हतं. शेतकरी नवरा म्हटलं की पाहुणे आधीच नाकं मुरडतात, त्यात हे. मला तर एवढंच पाहिजे होतं, की एखाद्या मुलीनं माझ्याकडं बघून हो म्हणावं.

एका मोटारसायकलवर बसून दोघं बारामतीला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. डोक्याला लावायचं औषध दिवसातून दोनदा, एकेक मिली. सुरुवातीला केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. रोजची गोळी गळती चांगली थांबवते, पण थोड्या जणांना नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. तसं वाटलं तर लगेच येऊन सांगायचं. आपलंच रक्त काढून त्यातला भाग डोक्यात टोचतात, त्याचा गुण कुणाला येतो, कुणाला नाही. आणि मागचे केस पुढं लावायचं ऑपरेशन असतं, पण ते केलं तरी औषध सुटत नाही. भावानं औषध आणि गोळी दोन्ही धरलं. मी गोळीला नको म्हटलं. लग्नाआधीच ही भानगड कशाला?

तीन आठवड्यांत दोघांचेही केस हातात यायला लागले. भाऊ पार हबकला, बाटली उकिरड्यावर टाकायला निघाला. मीच त्याला बांधावर बसवलं. म्हटलं, लेका, पाणी तोडून, बाग ताणावर सोडून आपण पानगळ करतो, तेव्हा झाड गेलं म्हणून रडत बसतो का? पान गळाल्याशिवाय कळी निघती का? त्याला ते पटलं आणि बाटली परत घरात गेली.

चौथ्या महिन्यात त्याच्या कपाळावर लव दिसली. माझ्याही होती, पण विरळ. माझा नुसता जळफळाट झाला. अक्कल माझी आणि पीक त्याला? मग फवारणीला आपण करतो तेच केलं. डब्यावर एक लिहिलेलं असलं की आपला हात दोनवर जातोच, आणि शेजाऱ्याची बाग पुढं गेली की तीनवर. मी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन मिली ओतत गेलो. पंधरा दिवसांत डोकं लाल झालं, खपल्या धरल्या, छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं आणि औषध बंद केलं. आली होती ती लवही गेली.

नेमकं तेव्हाच वरकुट्याचं स्थळ आलं. मी कॅप घालून गेलो. मुलगी पोहे घेऊन आली, माझ्याकडं नीट बघून जराशी हसलीसुद्धा, आणि मला ती तिथंच आवडली. तेवढ्यात तिचे मामा म्हणाले, "पाव्हणं, टोपी काढा की. हितं घरात कुठं ऊन लागतंय?"

काढली. टक्कल आणि त्यावर खपल्या. चहा लगेच आला. मुलीला अजून शिकायचंय, असा निरोप दोन दिवसांनी आला.

तीन महिन्यांनी मध्यस्थानं तेच स्थळ भावासाठी आणलं. चुलते आधी आमच्या दारात आले, तुझं मन दुखत असंल तर नको म्हणाले. मी म्हटलं, माझं काय, करा की. भाऊ उघड्या डोक्यानं गेला आणि पसंत पडला. शिक्षणाचा विषयच निघाला नाही.

फेटे बांधण्यात गावात माझा हात धरणारा कुणी नाही, त्यामुळं नवरदेवाचा फेटाही माझ्याकडंच आला. बांधताना त्याच्या केसांत बोटं गेली. चांगले दाट, तेल लावलेले. मी फेटा मुद्दाम पुढं ओढला, एकही केस बाहेर दिसू नये असा. तो आरशात बघत म्हणाला, "त्या दिवशी तू बांधावर बसवलं नसतंस, तर आज मी हितं नसतो."

मी पीळ आणखी आवळला. लय घट्ट झाला का, विचारलं. तो म्हणाला, "व्हय. पर ऱ्हाऊ दे, तू बांधलायस."

मग मीही माझा फेटा बांधला आणि त्याच्या शेजारी येऊन उभा राहिलो. मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या. नवरीकडची एक म्हातारी ओवाळायला ताट घेऊन आली. आमचा तोंडावळा एक, फेट्यांचा रंग एक. तिनं दोघांकडं बघितलं आणि ताट माझ्यापुढं धरलं. मी मागं सरकलो नाही. तिनं मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तेव्हा कुठं मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, नवरदेव तो पलीकडचा हाय."

म्हातारी हसली आणि ताट घेऊन त्याच्याकडं वळली.

पंगती उठल्या, मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले, तरी मी फेटा काढला नव्हता.