शब्दांचं जाळं आणि दहावा

बाबांच्या सुतकात मी विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासले. लोकांना ते विचित्र वाटलं. वाटू दे. मला रडू येत नव्हतं, आणि नुसतं भिंतीला टेकून बसलं की येणारी प्रत्येक बाई माझ्या तोंडाकडे बघून ते येतंय का याचा अंदाज घ्यायची. त्यापेक्षा कागद बरे.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात संगणक शिकवत होते. आमच्या मुलुंडलाच राहणारे एक सर गठ्ठा घेऊन आले, दाराबाहेरच उभे राहिले आणि पाणीही न घेता गेले. छिद्रांच्या कडा असलेले, एकमेकांना जोडलेले लांबलचक कागद. मी चटईवर उलगडत गेले की ते मोरीपर्यंत पोचायचे.

गृहपाठ मीच दिला होता. शब्दांची यादी घ्यायची आणि चौकटीत आडवे-उभे असे बसवायचे की जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतील तिथे अक्षर जुळलं पाहिजे. एक शब्द ठेवायचा, मग त्याच रीतीने पुढचा, मग त्याच्या पुढचा. कुठे अडलं की शेवटचा शब्द उचलायचा, एक पायरी मागे यायचं आणि दुसरा लावून बघायचा. यंत्रावर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून रोमन लिपी. बहुतेकांनी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतची स्टेशनं घातली होती. यादी एकसारखी, प्रोग्रॅम एकसारखा, चूकही एकसारखी. नकलेला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही. कुठलाच शब्द बसत नसेल तर करायचं काय, इथे सगळ्यांचं घोडं पेंड खात होतं. प्रोग्रॅम तसाच आत आत जात राहायचा आणि शेवटी यंत्र बंद पडायचं.

गोराईहून येणाऱ्या एका मुलीने मात्र मासे घेतले होते. बांगडा, सुरमई, पेडवे, बोंबील. तिने वेगळंच केलं होतं. सगळे शब्द लावून पाहायचे, एकही बसला नाही तर ती जागा रिकामी सोडायची आणि बाकीचं जाळं पुरं करायचं. मी वर्गात बजावलं होतं की सगळी घरं भरली पाहिजेत. तिच्या कागदावर मी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं आणि तो बाजूला ठेवला. वाईटही वाटलं नाही. त्या दिवसांत कशाचंच वाटत नव्हतं.

दरम्यान आमच्या दोन खोल्यांत वेगळंच शिजत होतं. काकांनी माझ्यासाठी बोरिवलीचं एक स्थळ आणलं होतं. बाबा असतानाच आणलं होतं, पण बाबांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. संपानंतर बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच, आणि तेव्हापासून घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी लग्न करून गेले तर आईने काय खायचं, हे काकांना कोणी विचारत नव्हतं. त्यांनी ठरवून टाकलं होतं : दहाव्याला पिंडापुढे मी लग्नाचा शब्द द्यायचा. पिंडापुढे दिलेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही. मीही मोडला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दहाव्याला बायका आमच्यात जात नाहीत. मला नेलं ते एवढ्यासाठीच, आणि माझ्या सोबतीला आत्याला.

तलावाकाठी भटजींनी पिंड मांडला आणि सगळे चार पावलं मागे सरून उभे राहिले. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग माणसं एकेक इच्छा आठवून तसा शब्द देतात. कावळे होते, समोरच्या उंबरावर चांगले ओळीने बसले होते. काका म्हणाले, गावचं घर विकणार नाही. उंबरावर कोणी हललं नाही. आत्या म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. एक कावळा खाली उतरला, मान वाकडी करून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि परत फांदीवर गेला. मग गावच्या देवाचा नारळ झाला, कुणाशी तरी अबोला होता तो सोडून झाला. शब्द ठेवायचा, बसला नाही की उचलायचा, दुसरा ठेवायचा. मला हसू आलं असतं, पण तेही येत नव्हतं.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले.

"सांग गो तेका, लगीन करतलंय म्हणान," काका म्हणाले. "तेचो जीव तुझ्यातच अडकललो आसा."

मी पिंडाकडे बघत राहिले. शब्द तोंडात तयार होता. म्हटला असता आणि कावळा आला असता तर सुटका नव्हती. नसता आला तरीही नव्हती.

"मला नाही माहीत त्यांच्या मनात काय होतं," मी म्हणाले. "खोटं बोलू?"

काकांचा चेहरा उतरला. आत्या पुटपुटली, पोटची पोर आणि बापासाठी एवढंही करवेना. ऊन चढलं. भटजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. परत येताना सगळे मला मागे ठेवून पुढे चालले.

घरी आईने विचारलं, शिवला? मी नाही म्हटलं, सगळं सांगितलं, काकांचंही. वाटलं, आता तीही बोलेल. ती भात वाढत होती.

"इतकी माणसां बघीत उभी ऱ्हवली तर येतले कशे?" ती म्हणाली. "संप झाल्यापासून तेंनी चार माणसांत बसान एक घास तरी खाल्लो काय?"

तुम्ही जेवा, माझं मागाहून, असं बाबा रोज म्हणत. सगळ्यांचं झालं की मोरीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून जेवत. आम्ही समजत होतो, गिरणीतल्या पाळीची जुनी सवय आहे. लेकीच्या पगाराचं अन्न खाताना कोणी बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आईने ताटलीत भात-आमटी वाढून ती मोरीवरच्या खिडकीत ठेवली. "आता बघीत रव नको," म्हणाली आणि आत गेली.

मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि गठ्ठा पुढे ओढला. सगळ्यात वर गोराईच्या मुलीचा कागद होता. मी 'अपूर्ण' खोडलं. मागे ताटली खडखडली. मान वळवायची नाही म्हणून मी त्या रिकाम्या घरांवर डोळे खिळवून ठेवले, आणि ती घरं एकदम दिसेनाशी झाली.