अक्काच्या बोटीचा दिवा

तर ती टाकी रंगाऱ्याची होती. फवाऱ्याने भिंती रंगवायची, जाड पत्र्याची, झाकणाला चार आवळायचे नट आणि वर दाब दाखवणारा काटा. रंगाऱ्याने भंगारात काढली ती गारव्याने उचलली. गारवा म्हणजे आपला फ्रिज दुरुस्त करणारा. साठी उलटली तरी गल्लीत त्याला दुसरं नाव नाही. टाकीला त्याने मेलेल्या फ्रिजचा जिवंत कॉम्प्रेसर जोडला आणि ओट्याखाली कारखाना थाटला.

हा सगळा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी. अक्काने अठ्ठावीस वर्षं नदीवर प्रवासी बोट चालवली. पूल झाला, बोट मोडीत गेली, तेव्हापासून बाई नदीकडे फिरकली नाही की त्या बोटीचं नाव काढलं नाही. आता रविवारी ती लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. तिच्या हाती द्यायला गारव्याने वीतभर बोट केली. कठडे, शिडी, बाकं, सगळं जमलं. घोडं अडलं ते पुढच्या दिव्याच्या काचेपाशी. वाटाण्याएवढी काच, रबराच्या साच्यात पारदर्शक रेझिन ओतून करायची, आणि दर वेळी आत बुडबुडे. अक्काने तर ही छोटी बोट पाहून आधीच बजावलं होतं, दिव्याविना आंधळी बोट मी नेणार नाही.

गारव्याचं गणित सरळ होतं. फ्रिजच्या नळ्यांतली हवा ओढून काढण्यात जन्म गेला, मग या वाटाण्यातली निघणार नाही होय? त्याने साचा टाकीत ठेवला, हवा ओढली. रेझिन उतू जाणाऱ्या दुधासारखं वर आलं, आणि झटपट घट्ट होणाऱ्या जातीचं, म्हणून तसंच फुगलेलं थिजलं. सहा वेळा हेच. शुक्रवारी दुपारी बाटलीत एका काचेपुरतं रेझिन उरलं आणि नेमकी अक्का दारात.

तिने एक काच उजेडात धरली आणि दिव्याला मोतीबिंदू झालाय म्हणाली. मग नळीबिळीची चौकशी केली. हवा बाहेर पडायच्या आत रेझिन घट्ट होतं, हे ऐकून तिला हसू आलं.

"बुडबुडे उतरत नाहीत ना? मग दाबून बसव. गर्दीच्या फेरीला मी माणसांचं तेच करायचे. कोण कुठे आहे ते दिसायचंसुद्धा नाही."

गारवा आधी फणकारला. पण कॉम्प्रेसर एका तोंडाने हवा ओढतो आणि दुसऱ्याने फेकतो, हे त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक? चाळीस वर्षं त्याला फक्त ओढणारं तोंड दिसलं, एवढंच. आत हवा कोंबली की बुडबुडे दबून दिसेनासे होतील. त्याने नळी काढून दुसऱ्या तोंडाला लावली, शेवटचं रेझिन ओतलं, नट आवळले, काटा लाल रेघेच्या बराच अलीकडे थांबवला. मग दोघं स्टुलं ओढून बसली. काच पुरती कडक होईपर्यंत दोन तास थांबायचं होतं. त्या दोन तासांत अक्का आपल्या जुन्या बोटीबद्दल मनमोकळं बोलली, मोडीत निघाल्यापासून पहिल्यांदाच.

साच्यातून काच निघाली ती पाण्याच्या थेंबासारखी. गारव्याने चिमट्याने ती बसवली. अक्काने बोट अलगद शालीत गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि दारातून वळून म्हणाली, "खरा दिवा एवढा स्वच्छ कधीच नव्हता हं. त्यात कायम किडे मरून पडलेले असायचे."

"किडेही घालतो की. पण कोणते घालायचे ते दाखवायला तुला परत यावं लागेल, अक्का."