जकातनाक्यावर नसलेली बाई

इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत माझं भाषण छापलेलं आहे. विषय भारदस्त होता, कंपनी सरकारचे कायदे आणि आपली जकात. त्यात घाटाखालच्या नाक्यावर अडवलेली एक मीठवाली येते. कारकून जकात मागतो, तेव्हा डोक्यावरची पाटी न उतरवता ती म्हणते, "आधी तुझा कायदा वाचून दाखव, मग हात पसर." ही बाई मला कुठल्याही कागदात भेटलेली नाही. ती मी रचली.

बाकीचं भाषण खरं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर मी बेसिंगस्टोकहून ट्रेननं लंडनला जायचो आणि लायब्ररीत मुंबई इलाख्याचे जुने छापील कायदे वाचत बसायचो. नुसता नियम करून सरकारचं भागत नसे. तो छापायचा, त्याचा मराठी तर्जुमा करायचा, कचेरीत लोकांना पाहता येईल असा ठेवायचा. मग त्याच्या जोरावर मीठ, ताडी, घाट चढणारे बैल, सगळ्यांवर वसुली. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही 'छापलं होतं ना' म्हणून गप्प करता येई. हे वाचून मी अस्वस्थ व्हायचो आणि लोकांना सांगावंसं वाटायचं.

पण महाराष्ट्र दिनाला, जेवणाआधी, हे कोण ऐकणार? मागून पुऱ्यांचा वास येत होता, पोरं खुर्च्यांखालून पळत होती, पहिल्या रांगेतले डॉक्टर डुलक्या घेत होते. माझ्या तोंडून ती बाई निघाली आणि हॉल जागा झाला. टाळ्या पडल्या.

"कुठं मिळाली हो ही?" कुणीतरी विचारलं.

"कलेक्टरच्या एका रिपोर्टात," मी म्हणालो.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "तुमच्या रिपोर्टातली बाई अगदी माझ्या आत्यासारखी बोलते हो." मी रेडिओ लावला.

पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरची एक मुलगी याच कायद्यांवर पीएचडी करायला लंडनला आली. लायब्ररीत आपली स्मरणिका तिच्या हाती लागली आणि ती पत्ता काढत घरी आली. बायकोच्या हातचं वरण तिला आवडलं, मग येतच राहिली. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काका, माझा चॅप्टर तुमच्या मीठवालीपासून सुरू होतो. तो रिपोर्ट कुठल्या बाडात आहे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "माझ्या चिठ्ठ्या हरवल्या गं. पण असेल तिथंच."

ती अख्खा हिवाळा शोधत राहिली. संध्याकाळी लायब्ररी बंद झाली की तिचा फोन यायचा. "काका, रत्नागिरी संपलं. नाही भेटली. आता ठाणं बघते." आवाजात उत्साह असायचा. फोन वाजला की मी दोन-तीन रिंग जाऊ द्यायचो, मग उचलायचो. एकदा हसत म्हणाली, "गाइड म्हणतात, सोड तो नाद. मी सांगितलं, काका कशाला खोटं बोलतील?" त्यानंतर मी फोन बायकोला घ्यायला लावू लागलो.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" बायको म्हणायची. मी म्हणायचो, थांब, ती स्वतःच कंटाळून सोडेल.

ती सोडणारी नव्हती. एका रविवारी जेवायला आली आणि पानावर बसता बसता म्हणाली, "काका, सबमिशन पुढं ढकलते. व्हिसा संपत आलाय, क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जाऊन विचारते वाढवून देतात का. नाही दिला तर जावं लागेल परत. पण ती बाई मिळाल्याशिवाय चॅप्टर उभा राहत नाही."

"शोधू नकोस," मी म्हणालो. "ती नाही."

"नाही म्हणजे? फाइल गहाळ झाली का?"

"बाईच नाही. मी बनवली."

ती हसली. मग तिनं बायकोकडे पाहिलं. बायको वाढता वाढता थांबली. "खरं आहे, बाळा," ती म्हणाली.

"म्हणजे मी एवढे दिवस..." तिनं ताट थोडं पुढं सारलं. "मी विचारलं होतं ना तुम्हाला. नीट विचारलं होतं."

"हो."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी पान नंबर मागितला असता. तुम्हाला कसा मागणार होते मी?"

बायकोनं भरून ठेवलेला डबा न घेता ती गेली.

मग फोन येईना. न येणारा फोन येणाऱ्यापेक्षा वाईट, हे मला तेव्हा कळलं. शेवटी आला तेव्हा ती तुटक बोलली. चॅप्टर मोडून नव्यानं लिहितेय, सबमिशन ठरल्या तारखेलाच, व्हिसा संपायच्या आत.

"माझ्यासाठी काही करू नका," ती म्हणाली. "पण ती स्मरणिका लायब्ररीत आहे. मी वाचली तशी उद्या आणखी कुणी वाचेल आणि शोधत बसेल. छापलंय तुम्ही, तर आता नाही म्हणूनही छापा."

म्हणून हे यंदाच्या अंकासाठी लिहिलं. संपादकांनी विचारलं, कशाला उगाच? मी म्हणालो, यातला शब्द कापू नका.

परवा बायकोच्या फोनवर तिचा मेसेज आला : 'काकू, दिला एकदाचा थीसिस. तोंडी परीक्षा बाकी.' माझ्यासाठी काही नव्हतं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"घाईत लिहिलेला चॅप्टर आहे," मी म्हणालो. "परीक्षकांनी तिथंच धरलं तर?"

"धरतील तर धरतील," बायको चष्मा पुसत म्हणाली. "तुम्ही काय करणार, तिथं जाऊन भाषण?"

परीक्षेची तारीख अजून यायची आहे.