रविवारचं अस्वल

नव्वदच्या दशकाच्या मध्याला राखोलीतल्या एका कारखान्याने साप्ताहिक सुट्टी रविवारवरून शुक्रवारवर नेली. डोकमर्डीतला माझा शेजारी, धुळ्याकडचा ऑपरेटर, तिथेच कामाला होता. तोवर रविवारी सकाळी तो मुलीला घेऊन आमच्याकडे टीव्हीवरचं कार्टून बघायचा. त्यातलं अस्वल पडायच्या आधीच तो हसायचा. आता रविवारी तो कामावर असे आणि संध्याकाळी मुलगीच त्याला गोष्ट सांगे. "कसं पडलं, करून दाखव ना माय," तो तिला म्हणे.

दोन वर्षांनी ऑपरेटरकी सोडून तो दुसऱ्या कारखान्यात हेल्पर झाला. तिथे रविवारी सुट्टी होती.

"तुम्ही अस्वलापायी हेल्पर झाले. लोकांना काय सांगू?" बायकोने विचारलं.

"पोरीपायी, सांग."

पहिल्या रविवारी तो एकटाच आला. "ती म्हणते, ते बारक्या पोरांचं आहे."

मी टीव्ही लावला. तो शेवटपर्यंत बसला. पुढच्या रविवारपासून त्याने ओव्हरटाइम घेतला.