कृष्णरावांचा गोपनीय कागद

भास्करराव मुळ्ये धार शहरातल्या एका खाजगी हायस्कुलात संस्कृत शिकवीत. १९०४ च्या प्लेगात गणिताचे मास्तर वारले, इतिहासाचे मास्तर गाव सोडून गेले आणि दोघांचेही वर्ग भास्कररावांच्या गळ्यात पडले. "दिवाळीपर्यंत सांभाळा," शाळेचे चालक जयसिंगराव म्हणाले. दिवाळी गेली, होळी गेली. दुसरा माणूस काही आला नाही.

साठ-साठ मुलांचे वर्ग. घसा बसला तो उघडेना. शाळेची पायरी दिसली की छाती धडधडू लागे. एकदा फळ्यावर त्रैराशिक मांडताना पुढचा आकडाच सुचेना. खडू हातात धरून ते नुसते उभे राहिले. मुलं हसली.

हे त्यांनी बायकोला, उमाबाईंनाही सांगितलं नाही. सांगितलं ते कृष्णरावांना. इंदूरला कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले. कृष्णरावांना या शाळेत खालच्या वर्गांवर लावून दिलं तेही भास्कररावांनीच. तळ्याकाठी फिरताना ते म्हणाले, "कृष्णा, मला वर्गाचं भय वाटतं रे. एखाद्या दिवशी मुलांपुढेच रडू कोसळेल."

कृष्णरावांनी पाठीवर हात ठेवला. "बोलू नकोस कुणाला. मी आहे ना!"

पंधरा दिवसांनी चपराशी वर्गाच्या दारात आला. "मास्तरसाब, चालकसाब याद कर रहे हैं."

जयसिंगरावांनी एक कागद वाचून दाखवला. "मुळ्ये मास्तरांचे चित्त ठिकाणावर नाही. वर्गाचे त्यांना भय वाटते. मुलांपुढे रडू कोसळेल, असे ते स्वतःच म्हणतात." खाली सही कृष्णरावांची. वरचे वर्ग आता कृष्णरावांकडे जाणार होते, भास्कररावांनी बाराखडीच्या मुलांना शिकवायचं होतं.

"तिघांचं काम मी वर्षभर एकट्यानं केलं," भास्कररावांनी बसक्या आवाजात विचारलं, "ते या कागदात आहे का?"

जयसिंगरावांनी कागदाची घडी घातली.

बाहेर कृष्णराव भेटले. "भास्कर, तुझ्या भल्यासाठीच लिहिलं."

"मग मला दाखवून का नाही लिहिलंस?"

कृष्णराव उपरणं सारखं करीत राहिले.

भास्कररावांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. भांडी बांधताना उमाबाईंना सगळं कळलं. "मला नाही का सांगायचं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि भास्कररावांना मान वर करवेना.

मनावर नावाच्या गावी एका लहान शाळेत त्यांना पंचवीस मुलं मिळाली. पावसाळा संपेतो आवाज मोकळा झाला. मात्र मधल्या सुट्टीत इतर मास्तर पान लावत बसत, तेव्हा भास्करराव वर्गातच थांबत.

सहा वर्षांनी कृष्णराव एका लग्नासाठी मनावरला आले आणि न कळवता घरी येऊन बसले. गालफडं बसलेली. "सगळे वर्ग माझ्याच माथी मारलेत, भास्कर. झोप लागत नाही. सांगू तरी कुणाला?"

उमाबाईंनी ताक आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या. भास्कररावांनी सारं शेवटपर्यंत ऐकलं, मित्राला गाडीपर्यंत पोचवलं. ऐकलेलं त्यांनी पुढे कुणाजवळ काढलं नाही. पण निघताना 'पुन्हा ये' असंही ते म्हणाले नाहीत.