नवव्या दालनातला बाक

राजधानीत जन्मलेल्या माणसाला राजधानी बघायला पाहुणे लागतात. घंटाघर, जुना पूल, राजवाडा हे सगळं आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर आहे, पण आपण होऊन तिथे गेलेला एक शेजारी दाखवा. पाहुणे आले की मात्र आमच्या घरात माझ्याकडे बोट होतं. "ही दाखवेल राजवाडा. हिची मावशीच आहे तिथे." जसं काही मावशी सिंहासनावर बसते.

मावशी मुळात बसायचीच नाही. राजवाड्याच्या दाराशी ती ऐकायची यंत्रं वाटते. मुठीएवढं काळं यंत्र, गळ्यात अडकवायला पट्टा आणि कानाला हेडफोन. ज्या दालनात जाल त्याचा आकडा दाबायचा, की यंत्र त्या दालनाची माहिती सांगायला लागतं. मावशी तुमचं ओळखपत्र घेते, टोकन देते, हेडफोन स्पिरिटच्या बोळ्याने पुसते आणि वायरींचा गुंता सोडवत राहते. तिचा दगडी कट्टा छातीएवढा उंच आहे. पूर्वी आत येणारे तिथे तलवारी ठेवून जायचे, आणि पहारेकऱ्याला बसून डुलकी काढता येऊ नये म्हणून कट्टा मुद्दाम तसा बांधला म्हणे. राजे गेले, तलवारी काचेच्या पेटीत गेल्या, कट्टा तेवढा राहिला. मावशीची उंची बेताची, म्हणून तिने पायाखाली फळी घातली आहे. त्या फळीवर ती तेवीस वर्षं उभी होती. संध्याकाळी तिच्या पायांवर सूज यायची आणि मी काही बोलले की म्हणायची, "अगं, उभ्याचंच काम आहे ते."

आणि त्या यंत्रातला आवाजही तिचाच. आपल्या भाषेतला.

ही यंत्रं नवीन आली तेव्हा ती राजवाड्यात काचा पुसायला होती. वीस दालनांची माहिती वाचायला रेडिओवरच्या एक बाई ठरल्या होत्या, त्यांचा ऐन वेळी घसा बसला. त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि झुंबराबद्दलचं एक पान प्रत्येकाकडून वाचून घेतलं. मुख्य पहारेकऱ्याने ते दवंडी पिटल्यासारखं वाचलं, हिशेबनीस तिसऱ्या ओळीला शिंकले, आणि मावशीने घरात बोलतो तसं वाचलं. झालं. राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून सोमवारी रेकॉर्डिंग ठरलं. नववं दालन निवडलं, कारण तिथे गालिचे आणि जाड पडदे, आवाज घुमत नाही. माइकचा स्टँड आला तो स्क्रूशिवाय. मग रेकॉर्डिंग सांभाळणारा राजवाड्याचा वायरमन माइक हातात धरून उभा राहिला. एक तास, दोन तास. हात बदलायचा, पाय बदलायचा, पण चकार शब्द नाही. नवव्या दालनातल्या राण्यांच्या तसबिरी वाचताना मावशीला राहवलं नाही. मध्येच थांबून ती म्हणाली, "अहो, बसा ना जरा. केव्हाचे उभे आहात! तो बघा, खिडकीपाशी बाक आहे. मी काही पळून जात नाही."

मग पुढच्या राणीची तसबीर तिने सुरळीत वाचली.

तो वायरमन चाळिशीला टेकलेला होता आणि घरच्यांनी त्याच्या लग्नाची आशा सोडली होती. मावशीच्या बाबतीत आमच्याकडेही तीच अवस्था होती. सहा महिन्यांनी दोघांनी लग्न केलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं माझी आई अजून म्हणते. ते म्हणजे आमचे काका.

पण ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलं. कापायचं काम काकांचं. पंधरा दिवसांनी मावशीने स्वतः यंत्र कानाला लावलं तेव्हा तिला ते ऐकू आलं. तोवर सगळ्या यंत्रांत ते भरून झालं होतं. साहेबांना सांगावं तर नुकतंच मिळालेलं कट्ट्यावरचं काम जायचं. काका म्हणाले, "राहू दे. कोण ऐकतंय?"

ऐकत होते सगळे. नऊ आकडा दाबला, की माणसं दोन राण्या बघतात आणि मग एकदम खिडकीकडे वळून बाकावर जाऊन बसतात. बाक भरला की खिडकीच्या कट्ट्यावर. तेही भरलं की गालिच्यावर. परदेशी पाहुण्यांच्या यंत्रात ते वाक्य नाही, त्यामुळे ते चक्रावून बघत राहतात, की या देशात तिसऱ्या राणीचा एवढा काय मान आहे! खिडकीतून दिसतं काय, तर राजवाड्याचं मागचं आवार, वाळत घातलेली फडकी, एक चिंचोळी गल्ली आणि तिच्यात सायकल दुरुस्त करणारा म्हातारा. पण अभिप्रायाच्या वहीत सिंहासनावर दोन ओळी असतात आणि नवव्या दालनावर पानभर. बाक आजवर दोनदा बदलला. का झिजतो, हे कचेरीत कोणालाही कळलं नाही.

कळू न देण्याची जबाबदारी मावशीची. कोणी साहेब कट्ट्याशी आला आणि यंत्राकडे त्याचा हात गेला, की मावशी म्हणायची, "तुम्हाला कशाला हो यंत्र? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असेल!" साहेबाची कॉलर ताठ व्हायची आणि हात मागे जायचा. तेवीस वर्षांत तीन साहेब तिने असे वाटेला लावले. खुशामत आमच्या मावशीच्या रक्तात नाही, पण पोटासाठी माणूस काय शिकत नाही!

यंदा चौथ्या आल्या. त्या बाई. ठेंगण्या, पायांत साधे बूट, आणि दिसेल ते दार उघडून बघायची खोड. त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या मामेभावाचं कुटुंब राजवाड्यात सोडून मी कट्ट्याशी मावशीबरोबर डबा खात होते. बाई आल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक यंत्र द्या."

"तुम्हाला कशाला मॅडम? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असेल!"

"मला काहीसुद्धा पाठ नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मागतेय."

मावशीचा हा डाव पहिल्यांदाच फसला. तरी तिने शोधून शोधून बॅटरी संपत आलेलं यंत्र दिलं. दहा मिनिटांत बाई परत. "हे तिसऱ्या दालनात बंद पडलं. दुसरं द्या." आता इलाज नव्हता.

मग मावशी घड्याळाकडे बघत बसली, म्हणजे उभी राहिली. "आता पाचव्यात असतील. आता सातव्यात. अगं, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत गं माझी. या वयात परत काचा पुसायला पाठवतील मला." मी म्हटलं, असं कोणी पाठवत नाही. पण मीही डबा झाकून ठेवला. एवढी शहाणी मावशी, आणि एका वाक्यापायी तेवीस वर्षं चोरासारखी जगली, याचा मला रागच आला. बाई नवव्यात पोचल्याचा अंदाज झाला तसं तिने मला ढकललं. "जा, बघून ये."

मी गेले. तिसऱ्या राणीसमोर कोणीच नव्हतं. बाकावर आमचे पाहुणे दाटीवाटीने बसले होते आणि त्यांच्या मधोमध बाई. पायांतले बूट काढून बाजूला ठेवलेले. मामेभावाची बायको त्यांना शेंगदाणे देत होती. राजवाड्यात खायला बंदी आहे, आणि त्या खात होत्या.

मी परत येऊन हे सांगितलं, तर मावशी म्हणाली, "म्हणजे ऐकलं त्यांनी." शेंगदाण्यांचं तिला काहीच नाही.

दीड तासाने बाई बाहेर आल्या. यंत्र कट्ट्यावर ठेवलं. "नऊ नंबरमध्ये ते मध्येच जे आहे, तो आवाज तुमचा?"

"माझाच," मावशी म्हणाली. "चुकून राहिलंय, मॅडम."

"सोमवारी साडेदहाला नवव्या दालनात या. ते रेकॉर्डिंग ज्यांनी केलं, त्यांनाही आणा." एवढंच बोलून त्या गेल्या. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

पुढचे चार दिवस मावशीने घर डोक्यावर घेतलं. काका दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले, त्यांना ना खंत ना खेद. ते बिघडलेला रेडिओ उघडून बसले होते. "जाऊन तर बघू," म्हणायचे. "तुमचं काय जातंय!" असं मावशीचं उत्तर. सोमवारी मी रजा टाकली आणि दोघांबरोबर गेले. मावशीने इस्त्रीचे कपडे घातले होते. चौकशीला जायचं तर नीट जावं, असं तिचं म्हणणं.

नवव्या दालनात बाई एकट्याच होत्या. स्टँडवर बोटाएवढा माइक लावलेला. त्यांनी आधी काकांना बाकावर बसवलं आणि मग विचारलं, "ते वाक्य कापायचं राहिलं कसं?"

"राहिलं नाही," काका म्हणाले. "ठेवलं."

मावशी गर्रकन वळली. "काय?"

"मी अठरा वर्षं या राजवाड्यात शिडीवर चढत होतो. 'बसा' असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं." काका गालिच्याकडे बघत बोलत होते. "ते कापायला हात होईना."

"आणि मी तेवीस वर्षं जीव मुठीत धरून उभी आहे, त्याचं काय?"

"सांगितलं असतं तर तू कापायला लावलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून मावशी जास्तच भडकली. बाईंनी हात वर केला. "भांडण घरी. ताई, माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही लोकांना बसा म्हणालात, उठा म्हणालाच नाहीत. या दालनात गर्दी तुंबते. पुढची अकरा दालनं ओस पडलीत. पहारेकऱ्यांचे अर्ज येऊन पडलेत माझ्याकडे. तेवढं एक वाक्य शेवटी घाला आणि मोकळ्या व्हा."

मावशीने काकांवरची नजर बाईंकडे वळवली. "म्हणजे ते कापणार नाही?"

"मी चाळीस मिनिटं बसले होते तिथे. मी कशाला कापेन?"

त्यांनी एक कागद पुढे केला. मावशीने वाचलं, "विश्रांती झाली असल्यास कृपया पुढील दालनाकडे प्रस्थान करावे." मग कागदाची घडी घातली. "मॅडम, असं कोण उठेल? माझं मी बोलते."

बाईंनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. मावशी माइकसमोर उभी राहिली आणि बाकाकडे बघून म्हणाली, "चला, उठा आता. पुष्कळ बसलात. अजून अकरा दालनं राहिलीत. आणि जाताना यंत्र परत द्यायला विसरू नका, मी दारातच आहे."

"उठतो गं," बाकावरून काका म्हणाले. "पण तू ये की आधी. तूही बस ना जरा. केव्हाची उभी आहेस."

दिवा चालूच होता. बाईंनी बटणाला हात लावला नाही. मावशी तिथेच थबकली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगीच खोटं कशाला बोलू? तिच्या सुजलेल्या पायांवरून मी इतकी वर्षं नुसती कुरकुर केली होती. मग ती गेली आणि काकांच्या शेजारी बसली. बाक करकरला. खाली गल्लीत सायकलची घंटी वाजली. तेवढं सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी दिवा बंद केला.

त्यातलं काहीही कापलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात कट्ट्यामागे एक उंच स्टूल आलं, पाठ टेकायला फळी असलेलं. नवव्या दालनातून आता लोक उठतात, उरलेली अकरा दालनं बघतात आणि यंत्र परत करताना टाचा उंचावून कट्ट्यापलीकडे डोकावतात.

"मावशी, बसलात का हो शेवटी?"

"बसलेय ना," मावशी म्हणते. "आणा ते टोकन इकडे."