विजूताई काय ऐकायच्या

कर्णिकसरांचा फोन मला कधी येत नसे. फोन करायच्या त्या त्यांच्या पत्नी, विजूताई. म्हणून त्या सकाळी ऑफिसात सरांचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा हातातलं काम टाकून फोन घेतला. "इंगळे मॅडम, विजू गेली," ते म्हणाले. चंडीगडच्या सेक्टर ३२मधल्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ते बाकावर बसले होते, विजूताईंची शाल नीट घडी घालून मांडीवर घेतलेली. नवरात्रात धरलेला न्यूमोनिया दिवाळी झाली तरी हटला नव्हता.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊनच खाली उतरले. हे मी कुठेही सांगते, त्यात मला संकोच वाटत नाही. बदली होऊन चंडीगडला आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात विजूताईंनी विचारलं, "तू कुठली गं? जेवतेस कुठं?" आणि दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या मोहालीच्या फ्लॅटमध्ये जेवायला होते. त्या मिरजेच्या. सर एअर फोर्समधून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. मुलगा परदेशात, फोनवर आईशी हिंदीत बोलणारा.

त्या घरातली सगळ्यात लहान खोली सरांच्या म्युझिक सिस्टीमची. भिंतींना रजया लावलेल्या, समोर दोन उंच स्पीकर, मधोमध एकच खुर्ची. सरांना फ्यूजचं वेड होतं. आपण ज्याला जळला की बदलायची वस्तू म्हणतो, तोच, बोटाच्या पेराएवढा, पण परदेशातून हजारो रुपये देऊन मागवलेला, टोकांना सोन्याचा मुलामा आणि अंगावर बारीकसा बाण. त्या बाणाच्या दिशेनं फ्यूज बसवला तर आवाज खुलतो, उलटा बसवला तर दबतो, असं सरांचं ठाम मत. मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं, "सर, घरातली वीज एसी आहे. ती सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि पन्नास वेळा परत येते. हा बाण दाखवायचा कोणाला?"

"मॅडम, तुमचं गणित मला मान्य आहे. पण गणित ऐकू येत नाही ना."

"आणि तुम्हाला जे ऐकू येतं ते मीटरवर दिसत नाही."

"मीटर बदला."

विजूताई ट्रे घेऊन आत आल्या. "चहा कुठल्या दिशेनं प्यायचा तेवढं ठरवा दोघं मिळून. गार होतोय."

पण निकाल त्यांचाच असायचा. सरांचे कान विमानांच्या आवाजात निम्मे गेलेले, हे ते स्वतःच सांगत. म्हणून खुर्चीत विजूताई बसायच्या. सर एका गायिकेची भूपाची रेकॉर्ड लावायचे. ती संपली की अ‍ॅम्प्लिफायर बंद, मागची टोपी काढून फ्यूज उलटा, पुन्हा चालू, तो गरम होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा तोच भूप. "बोल विजू." त्या डोळे मिटून जरा वेळ घ्यायच्या. कधी म्हणायच्या पहिला बरा, कधी दुसरा, आणि बहुतेक वेळा, "नक्की नाही सांगता येत. अजून एकदा उलटा करून बघा की." सर निमूट उठायचे.

एकदा स्वयंपाकघरात मी त्यांना अडवलंच. "ताई, खरं सांगा. फरक ऐकू येतो?"

"फ्यूजचा? नाही गं." त्या कणीक मळत होत्या, हात थांबला नाही. "लग्नाआधी मी आठ-नऊ वर्षं गाणं शिकले. पहिली बदली आसामला. तानपुरा ट्रकमध्ये फुटेल म्हणून माहेरीच ठेवला, नंतर भावानं कुणाला तरी देऊन टाकला. आता ह्यांची ती रेकॉर्ड लागली ना, की बाई गातात त्याच्यामागं तानपुरा असतो बघ. एकदा मी त्याच्या पंचमाच्या तारेशी बसते, एकदा खर्जाच्या. मनातल्या मनात सूर लावते. तेवढा वेळ घरात मला कोणी काही मागत नाही. मग हे विचारतात, तर काहीतरी सांगायला नको?"

मी हसले. त्याही हसल्या. मग मी मागेच लागले की यंदा दिवाळी पहाटेला मंडळात गा. आधी "आवाज कुठं राहिलाय", मग "पुढच्या वर्षी बघू", असं करत करत अखेर पावसाळ्यात त्या हो म्हणाल्या. गणपती झाले की रोज थोडं गाते म्हणाल्या. गणपती झाले, नवरात्र आलं, आणि ताप आला... इतके रविवार त्यांच्या घरी जेवले, पण त्यांचं गाणं मी एकदाही ऐकलं नाही. या शहरात कोणीच ऐकलं नाही.

तेरावं झाल्यावर सरांनी बोलावलं. खोलीत नवा फ्यूज होता, ताई आजारी पडायच्या आधी आलेला, दिशा न ठरलेला. "मॅडम, तुम्ही बसा खुर्चीत. मी उलटसुलट करतो. तिचं राहून गेलं..."

मला ते बघवेना. मी जे होतं ते सांगून टाकलं. ताई बाण ऐकत नव्हत्या, तानपुरा ऐकत होत्या. सर स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभेच राहिले. रागावतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "मग तिनं तानपुरा मागितला का नाही? एक फ्यूज कमी घेतला असता. दुसऱ्या दिवशी आणला असता मी."

आणला असता, यात मला शंका नाही. हा माणूस बायकोच्या शब्दाखातर दहा वेळा उठून टोपी उघडणारा. आणि ताईंनी मागितला नाही, हेही तितकंच खरं. नवरा-बायको एका छोट्या खोलीत एकच गाणं ऐकत इतकी वर्षं बसले, आणि ही एवढी गोष्ट दोघांमध्ये कधी निघाली नाही. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सरांना विचारूनच हे लिहिते आहे. रविवारी अजून जाते. मागच्या खेपेला त्यांनी मला ताईंच्या खुर्चीत बसवलं, आतून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसले. रेकॉर्ड लागली. ती संपेपर्यंत ते उठले नाहीत. मध्ये एकदा वाकून मला विचारलं, "मागे वाजतोय तो पंचम ना?"

मला सुरातलं काही कळत नाही. तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.